हनुक्का: दिव्यांच्या आधी वेदीचे दगड

हनुक्का हा ज्यू लोकांचा सण म्हटलं की डोळ्यासमोर आधी दिवेच येतात, आठ दिवस रोज एक वाढवत जायचा दिवा आणि एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरल्याची गोष्ट. पण या हिब्रू शब्दाचा अर्थ दिवाही नाही आणि तेलही नाही. अर्थ आहे समर्पण, प्रतिष्ठापना. आजही हिब्रूत नवीन घराच्या वास्तुशांतीला 'हनुकत बायित' म्हणतात. जे ज्यू येशूला मशीहा, म्हणजे देवाने वचन दिलेला तारणारा मानतात आणि तरी शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस), सण, हिब्रू प्रार्थना सोडत नाहीत, त्यांच्या मेसिॲनिक मंडळींमध्ये या दिवसांत उपकारस्तुती आणि समर्पण यावर एवढा भर का असतो, हे कळायचं तर याच शब्दापासून सुरुवात करावी लागते.

इ.स.पू. १६७ मध्ये सेल्युकिड या ग्रीक घराण्याचा राजा चौथा अँटिओकस याने यरुशलेमच्या मंदिरात वेदीवर परक्या देवाचे बळी चढवले, सुंता बंद, शब्बाथ बंद. मोदिईन गावचा म्हातारा याजक मत्तथ्या आणि त्याची पाच मुलं डोंगरात गेली, लढाई पेटली, आणि तीन वर्षांनी त्यातला यहूदा मक्काबी माणसं घेऊन मंदिरात शिरला. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात (हे कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही) ते दृश्य दिलंय आणि मला ते दिव्यांपेक्षा जास्त भिडतं. दारं जळालेली, अंगणात रानासारखी झुडपं माजलेली. ती लढवय्यी माणसं कपडे फाडून, डोक्यावर राख घालून रडली. मग कामाला लागली, आणि प्रश्न आला वेदीचा. विटाळलेली वेदी वापरायची कशी, आणि देवाची वेदी टाकायची तरी कशी? त्यांनी ती उतरवली, दगड मंदिराच्या टेकडीवर एका जागी नीट ठेवले, कोणी संदेष्टा येऊन यांचं काय करायचं ते सांगेपर्यंत ठेवले, आणि न घडवलेल्या दगडांची नवी वेदी रचली. हिब्रू पंचांगातल्या किसलेव महिन्याच्या २५ तारखेला, ज्या तारखेला विटाळ झाला होता त्याच तारखेला, तिचं समर्पण झालं.

आणि हे होत असताना शेजारच्या अक्रा गढीत शत्रूची शिबंदी तशीच बसलेली होती! यहूदाने काही माणसं तिकडे लढायला लावून बाकीच्यांना साफसफाईला लावलं होतं. ती गढी पडली थेट इ.स.पू. १४१ मध्ये. म्हणजे सगळं सुरळीत झाल्यावर केलेली ही उपकारस्तुती नव्हे, लढाई अर्धी बाकी असताना केलेली आहे, आणि हनुक्काबद्दल बोलताना नेमकं हेच राहून जातं असं मला फार वाटतं.

आठच दिवस का, तर मक्काबींचं दुसरं पुस्तक सांगतं की डोंगरात, गुहांमध्ये राहताना मांडवांचा सण पाळता आला नव्हता, त्याची आठवण म्हणून आठ दिवस. तेलाची गोष्ट तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात येते, कित्येक शतकांनंतर. तेल खोटं असं मी म्हणत नाही, पण तालमूदच्या त्याच ओळींत पुढे म्हटलंय की दुसऱ्या वर्षी हे दिवस हल्लेल आणि होदाआसाठी, म्हणजे स्तुती आणि उपकार मानण्यासाठी ठरवले गेले. त्यामुळे आठही दिवस हल्लेल, म्हणजे स्तोत्र ११३ ते ११८ म्हणतात, आणि रोजच्या प्रार्थनेत जिथे 'आम्ही तुझे उपकार मानतो' असं येतं तिथेच सणाचा खास मजकूर घालतात. सभास्थानात वाचन असतं बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या ७ व्या अध्यायाचं, बारा वंशांच्या सरदारांनी वेदीच्या समर्पणाला आणलेल्या भेटी. १३० शेकेल (जुनं वजनाचं माप) वजनाचं चांदीचं ताट, ७० शेकेलचा कटोरा, १० शेकेलचं सोन्याचं धूपपात्र... बाराही जणांचं अगदी सारखंच, आणि तरी प्रत्येकाचं नाव घेऊन सगळं परत पहिल्यापासून लिहिलंय, 'वरीलप्रमाणे' म्हणून कुणालाच उरकलेलं नाही.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल लोकांना, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यू तेल्यांना, शनवार तेल्यांना, हा सण पूर्वी माहीतच नव्हता. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वज या घटनेच्या आधीच मायदेश सोडून निघाले आणि नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून इथे लागले. पण उपकार मानायची त्यांची स्वतःची रीत होती आणि आहे, मलिदा: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं नाव. सामुएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सभास्थान बांधलं तेही टिपूच्या कैदेतून सुटल्याचे उपकार म्हणून, असं त्यांच्यात सांगतात. हे लोक मेसिॲनिक नाहीत, त्यांना त्यात ओढायचं नाही, पण उपकार मानले की देवासाठी काहीतरी उभं करायचं ही नाळ तीच आहे.

मेसिॲनिक चळवळ आजच्या रूपात तशी अलीकडची. अमेरिकेत १९१५ मध्ये 'हिब्रू ख्रिश्चन अलायन्स' झाली, तेव्हा येशूला मानणारे ज्यू बहुतेक चर्चमध्येच जायचे. इस्राएलच्या १९६७ च्या अरब देशांशी झालेल्या युद्धानंतर तरुण पिढीला आपण ज्यू म्हणूनच राहायचं असं प्रकर्षाने वाटायला लागलं आणि १९७५ मध्ये संस्थेने नाव बदलून 'मेसिॲनिक ज्यूइश अलायन्स' केलं. ज्यू समाजाच्या मुख्य प्रवाहातल्या संस्था त्यांना ज्यू धर्माचा भाग मानत नाहीत, इस्राएलच्या सुप्रीम कोर्टानेही १९८९ मध्ये परतीच्या कायद्याखाली, म्हणजे ज्यूंना इस्राएलमध्ये येऊन वसायचा हक्क देणाऱ्या कायद्याखाली, त्यांचा हक्क नाकारला. तरी स्वतःच्या मंडळ्या उभ्या राहिल्या आणि सणांत हनुक्काला खास जागा मिळाली, कारण नव्या करारात या सणाचं नाव एकदाच येतं आणि तिथे येशू स्वतः हजर आहे: योहान १०:२२, समर्पणाचा सण, हिवाळा, आणि येशू मंदिरात शलमोनाच्या देवडीत फिरतोय.

या मंडळींत दिवे लावताना येशूशी जोडलेलं हे नातं पाहायला मिळतं. मेणबत्त्या उजवीकडून डावीकडे लावून ठेवतात, पेटवतात मात्र नवी आधी, म्हणजे डावीकडून. पेटवायला वेगळी नववी मेणबत्ती, शमाश, म्हणजे सेवक. बाकीच्या सगळ्या तिच्यावरून पेटतात आणि इथे अनेक जण शमाशमध्ये येशुआला (येशूचं हिब्रू नाव) पाहतात, सेवा करायला आलेला जगाचा प्रकाश. काही मंडळ्यांत आशीर्वादाचे शब्दही त्याप्रमाणे बदललेले असतात. मग कोणी उभं राहून साक्ष देतं, वर्षभरात देवाने काय केलं ते. अमेरिकेत नोव्हेंबरचं थँक्सगिव्हिंग, उपकार मानायचा तिथला सण, नुकतंच झालेलं असतं, २०१३ मध्ये तर २८ नोव्हेंबरला दोन्ही एकाच दिवशी आले होते.

पण त्या दगडांचं पुढे काय झालं? मिश्ना या जुन्या ज्यू नियमग्रंथात नोंद आहे की ग्रीक राजांनी विटाळलेल्या वेदीचे दगड हस्मोनी लोकांनी, म्हणजे मक्काबींच्याच घराण्याने, मंदिरातल्या ईशान्येच्या एका खोलीत ठेवले होते. संदेष्टा येईल आणि सांगेल म्हणून. त्याच मंदिराच्या आवारात, त्याच सणात, लोकांनी येशूला गराडा घातला आणि विचारलं, तू मशीहा असशील तर आम्हाला उघड सांग. मेसिॲनिक मंडळींत हे वाचन होतं तेव्हा ते दगड आणि हा प्रश्न शेजारी शेजारी ठेवूनच ऐकावं असं मला वाटतं, कारण पुढच्याच क्षणी त्याला मारायला लोकांनी हातात घेतले तेही दगडच होते.