‘कसं वाटतंय?’ हा अवघड प्रश्न

‘पोटात गोळा येतो का?’ असं समुपदेशकानं विचारल्यावर कुणी ‘नाही, सोनोग्राफीत काही निघालं नाही’ म्हणालं, तर ती थट्टा असेलच असं नाही. ऑटिझम (स्वमग्नता) असलेले अनेकजण शब्दाचा सरळ अर्थच घेतात. आणि मराठीत तर भावना सांगायची म्हणजे अख्खं शरीर कामाला लागतं: जीव टांगणीला, काळजात धस्स, पायाखालची जमीन गायब!

पण साधं ‘कसं वाटतंय?’ विचारूनही अडतंच. आपल्या मनात काय चाललंय ते ओळखून त्याला नाव देता न येणं, याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. स्वमग्न व्यक्तींपैकी साधारण निम्म्या जणांत तो आढळतो. चिंता आणि नैराश्यही त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त. त्यावरची नेहमीची थेरपी म्हणजे सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलून त्रास कमी करणारी बोलण्यातली उपचारपद्धत), आणि तिची पहिली पायरीच ‘भावना ओळखा’. पेशंट तिथेच अडखळतो आणि ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा मिळतो. माझ्या मते हा शेरा थेरपीवर हवा.

ढोल-ताशाचंच बघा. समजा, पुण्यात कोथरूडचा एक स्वमग्न तरुण गणपतीच्या दिवसांत घराबाहेर पडत नाही. सीबीटी म्हणेल, भीती वाढवून पाहतोयस, थोडा थोडा वेळ जाऊन सवय कर. भीती असेल तर हे लागू पडतं. पण त्याच्या कानांना तो आवाज खरोखर दुखतो. तिथे चुकीचा विचार नाहीच, मग दुरुस्त काय करणार? एरवी कानात बोळे घालणं म्हणजे ‘टाळाटाळ’. इथे ते चष्म्यासारखं. भीती कुठली आणि वेदना कुठली, हे आधी वेगळं काढावं लागतं. (समुपदेशनाच्या खोलीतली गुणगुणणारी ट्यूबलाइट बंद केली तरी कधीकधी बोलणं सुरू होतं.)

उपचार कसे करावेत याच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं २०१२मध्येच स्वमग्न प्रौढांसाठीच्या मार्गदर्शिकेत थेरपीत हे बदल सुचवले: अलंकारिक भाषा टाळा, लेखी आणि चित्रांतून सांगा, मध्ये विश्रांती द्या, विचार बदलण्यापेक्षा वागण्यातल्या बदलावर भर द्या. शिवाय त्या माणसाची आवड वापरा.

या तरुणाला मेट्रोचं वेड असेल, तर ‘एक ते दहात चिंता किती?’ विचारण्यापेक्षा कागदावर स्टेशनं मांडावीत आणि प्रत्येकाला शरीराची एक खूण जोडावी. वनाजला श्वास नेहमीसारखा. नळ स्टॉपला खांदे आखडतात. डेक्कनला समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरेनासं होतं. डिस्ट्रिक्ट कोर्टला (पूर्वीचं सिव्हिल कोर्ट) गाडी बदलायची, म्हणजे उठून बाहेर पडायचं. मग आईनंही ‘काय झालं रे?’ न विचारता ‘कुठल्या स्टेशनला आहेस?’ एवढंच विचारायचं.