रायफॅम्पिसिन, यकृत आणि संध्याकाळची दुसरी गोळी

सोलापुरात उन्हाचा पारा ४२ अंशांवर गेला, की क्षयरोगाच्या गोळ्यांबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: "गोळ्या लई उष्ण पडत्यात." पुरावा म्हणून नारिंगी-तांबडी लघवी सांगितली जाते, आणि पाऊस पडेपर्यंत गोळ्या बंद ठेवून ताक-सब्जावर भागवण्याचा सल्ला शेजारपाजारचेच देतात. ही लाली उष्णतेची नसते. रायफॅम्पिसिन हे औषधच विटकरी रंगाचे आहे आणि ते लघवी, घाम, अश्रू यांतून बाहेर पडते. म्हणजे हा रंग औषध रक्तात उतरल्याची खूण आहे. मात्र डोळे पिवळे दिसू लागले, उलट्या होऊ लागल्या, अन्नावरची वासना उडाली, तर ती काविळीची लक्षणे असू शकतात आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे.

क्षयरोगाचा जंतू अतिशय संथ असतो. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे वीस तास लागतात, आणि काही जंतू तर जवळजवळ निद्रिस्त राहून औषधाचा मारा चुकवतात. म्हणून पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे, असा सहा महिन्यांचा उपचार असतो. खोकला मात्र काही आठवड्यांतच कमी होतो आणि बहुतेकांची चूक तिथेच होते. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला ही चूक अधिक महाग पडते, कारण जंतूंना कोंडून ठेवणाऱ्या संरक्षणाचे नेतृत्व करणाऱ्या सीडी४ या पांढऱ्या रक्तपेशीच तिच्याकडे कमी असतात. सीडी४ फार कमी असताना एक दिवसाआड औषध दिल्यास रायफॅम्पिसिनला दाद न देणारे जंतू उद्भवण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून दिसले होते; भारतात आता सर्वच क्षयरुग्णांना रोज औषध दिले जाते.

परंतु क्षय आणि एचआयव्ही या दोन्हींवरच्या एकत्र उपचारातला खरा पेच यकृतात आहे. यकृताच्या पेशींमध्ये पीएक्सआर नावाचे एक प्रथिन परक्या रसायनांची चाहूल घेत असते. रायफॅम्पिसिन त्याला चिकटले, की हे प्रथिन डीएनएवरील ठरावीक जागी बसते आणि सीवायपी३ए४, यूजीटी१ए१ यांसारख्या विकरांची, म्हणजे औषधे मोडणाऱ्या प्रथिनांची, जनुके जोमाने कामाला लावते. एक-दोन आठवड्यांत या विकरांचा साठा कितीतरी वाढतो. एका ऑर्डरसाठी कारखान्यात जादा माग बसवावेत आणि त्यांनी समोर येईल ते सूत संपवावे, तसे हे यकृत मग इतर औषधेही झपाट्याने मोडू लागते. एचआयव्हीच्या नेहमीच्या गोळीतले डोल्युटेग्राविर याच विकरांमुळे मोडते. एरवी ५० मिलिग्रॅमची एक मात्रा दिवसभर पुरते. रायफॅम्पिसिन चालू असताना मात्र पुढच्या मात्रेची वेळ येईपर्यंत तिची रक्तातील पातळी बरीच खाली गेलेली असते. म्हणून बारा तासांनी डोल्युटेग्राविरची आणखी एक ५० मिलिग्रॅमची गोळी दिली जाते, आणि तेवढ्याने पातळी नेहमीइतकी राहते. रायफॅम्पिसिन थांबले तरी वाढलेली विकरे लगेच ओसरत नाहीत, म्हणून ही जादा गोळी त्यानंतरही दोन आठवडे चालू ठेवतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. क्षयाच्या गोळ्या अगदी नेमाने घेणारा, पण "गोळ्या फार झाल्या" म्हणून संध्याकाळची एकच गोळी वगळणारा रुग्ण नकळत विषाणूला मोकळीक देण्याचा धोका पत्करत असतो. गोळ्या खरोखरच फार होतात: साधारण ४५ किलो वजनाच्या माणसाला क्षयाच्या तीन, एचआयव्हीची एक, ही जादा एक, शिवाय बहुधा इतर जंतुसंसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोल आणि हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून पायरिडॉक्सिन, म्हणजे ब६ जीवनसत्त्व. एचआयव्हीचे औषध सुरू झाल्यावर काहींना ताप पुन्हा चढतो, मानेच्या गाठी सुजतात. सावरणारी प्रतिकारशक्ती जंतूंच्या अवशेषांवर तुटून पडते, त्याचा हा परिणाम असू शकतो. नेमके अशा वेळी घाबरून दोन्ही औषधे सोडली जातात. एचआयव्ही "मुळासकट" काढून देण्याची जाहिरात करणाऱ्यांचे फावते ते इथेच, आणि त्यांच्या काढ्यापायी हातची औषधे सुटतात, हा माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे.

यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या कामगाराची दुसरी गोळी नेमकी पाळी बदलण्याच्या वेळी येते, शेडमध्ये, सोबत्यांच्या देखत. घरी एकाच खोलीत सासूसोबत विड्या वळणारी बाई पाकीट तंबाखूच्या सुपाजवळ ठेवू शकत नाही. कुणी विचारले तर क्षयाचे नाव सांगता येते, एचआयव्हीचे नाही. २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीविषयीची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे, पण एका खोलीच्या घरात तो हक्क डबीत लपवावा लागतो. म्हणून एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रात "गोळ्या घेता ना?" एवढेच न विचारता, दुसरी गोळी किती वाजता, कुठे बसून आणि कोणासमोर घेता, हे विचारायला हवे, उत्तर अडचणीचे आले, तर पाळीच्या वेळेशी जुळेल अशी बारा तासांच्या अंतराची वेळांची दुसरी जोडी तिथेच ठरवून देता येते.