दुसरा चमचा की तिसरा?

रात्री पावणेतीनला ओट्याशी उभा होतो. बाटलीत 90 मिली पाणी, त्यात दुधाच्या पावडरचे तीन चमचे टाकायचे, बास. दुसरा टाकला आणि अडकलो, हा दुसरा होता की तिसरा? आत लेकीने भोकाड पसरलेलं, शेवटी सगळं ओतून दिलं आणि पहिल्यापासून मोजलं. वय 36, पण साठी बुद्धी नाठी आत्ताच सुरू झाल्यासारखं वाटतं.

त्यात फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला, 'बाळंतपणात आईचा मेंदू आकसतो', खाली ब्राह्मीच्या गोळ्यांची लिंक. निम्मं खरं असतं म्हणून जास्त वैताग येतो. बार्सिलोनातल्या संशोधकांना 2016 मध्ये पहिलटकरणींच्या मेंदूतला करडा भाग काही ठिकाणी कमी झालेला दिसला होता, पण त्याच बायकांच्या स्मरणशक्तीत घसरण काही दिसली नाही. आणि त्या अभ्यासात बापांच्या मेंदूत तर असा बदलच सापडला नाही, मग माझं काय बिघडलंय?

झोप, दुसरं काय! आणि त्यातला माझा आवडता व्हिलन म्हणजे अ‍ॅडेनोसिन.

शाळेत एटीपी शिकलोय आपण, पेशीचा खर्चायचा पैसा. तो मोडत मोडत शेवटी अ‍ॅडेनोसिन उरतं. आपण जागे असतो तोवर ते मेंदूत साठत जातं, पेशींवरच्या ए-वन रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेवर बसतं, मग ती पेशी पुढच्या पेशीला ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन कमी सोडते, म्हणजे निरोपच दबक्या आवाजात जातो. दुसरा रिसेप्टर ए-टू-ए, त्याची तऱ्हा वेगळी, तो झोप आणणाऱ्या पेशींना चेव आणतो. झोपलो की हा साठा उतरतो, पण दर दोन तासांनी कोणी उठवलं तर गाढ झोप लागणार कधी आणि उतरणार किती?

चहाने काय होतं? एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, कॅफीन अगदी तेच करतं, रिसेप्टरवर रुमाल टाकून बसतं. अ‍ॅडेनोसिन कुठे जात नाही, पॅसेजमध्ये गर्दी करून उभं राहतं आणि रुमाल उचलला की धाडकन बसतं. शिवाय निम्मं कॅफीन उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं अकरालाही अंगात असतं.

खरी गोम पुढे आहे. 2003 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लोकांना 14 दिवस रोज सहाच तास झोपू दिलं, तर त्यांचं लक्ष एक अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतकं घसरलं, पण त्यांना स्वतःला मात्र थोडीशीच पेंग वाटत होती. म्हणजे 'मला सवय झालीय' असं म्हणणाऱ्यावर, माझ्यासकट, विश्वास ठेवू नये.

म्हातारं झाल्यासारखं वाटण्याचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात 33 आयांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा तपासल्या होत्या. बाळ सहा महिन्यांचं असताना सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या आयांचं जैविक वय, म्हणजे या खुणांवरून काढलेलं शरीराचं वय, बाळ वर्षाचं झाल्यावर जास्त झोपणाऱ्या आयांपेक्षा तीन ते सात वर्षं जास्त निघालं. बातम्यांनी 'बाळामुळे सात वर्षं म्हातारपण' असा गजर केला, पण अहो 33 च आया, आणि तो फरक कायमचा राहतो असं त्यात कुठेही सिद्ध झालेलं नाही.

आम्ही आता रात्र वाटून घेतलीय, दोनपर्यंत माझी पाळी, पुढे बायकोची, त्यामुळे प्रत्येकाला सलग पाच तास तरी मिळतात. पावडरही संध्याकाळीच डब्यांत मोजून ठेवतो. काल बायकोने विचारलं, "या डबीत तीनच आहेत ना रे?"

परत ओतून मोजली.