‘फिंच सगळे सारखेच’ म्हणे!

‘फिंच सगळे दाणे खाणारे, शांत, एकाच मोठ्या पिंजऱ्यात सोडा, पिल्लं होतील,’ हा सल्ला पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या या चिमुकल्या पक्ष्यांबद्दल वर्षानुवर्षं फिरतोय. नुसते पाळायचे असतील तर बऱ्याचदा निभतं. पिल्लं हवी असतील तर मात्र गोची होते.

झेब्रा फिंच जेमतेम 10 सेंटीमीटरचा, पण घरट्यासाठी टांगलेली मडकी बळकावण्यात पटाईत. गोल्डियन फिंचची मादी अंड्यांवर बसलेली असताना हे महाशय चोचीत काथ्या घेऊन आत शिरतात आणि तिच्या अंड्यांवरच नवं घरटं रचतात. थोराड गोल्डियन भांडत नाही, मडकं सोडून देतो. बंगाली फिंच मुळात गरीब. त्यांची खोड वेगळी. रात्री पाच-सहा जण एकाच मडक्यात कोंबून झोपतात, अंडी तुडवली जातात.

जावा स्पॅरो हा फिंच तर दांडगाच. शिवाय बंगाली हा मुनियाचाच पाळीव अवतार आणि जावाही त्याच कुळातला, म्हणजे संकराचीही भीती. (आपल्याकडच्या रानमुनिया पिंजऱ्यात ठेवणं 1972च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तो विषयच नको.)

विणीच्या काळात झेब्रा वेगळे काढा, बंगालीची एकेक जोडी स्वतंत्र ठेवा. गोल्डियनसोबत कुणीच नसलं तर उत्तम. जोड्यांच्या दुप्पट मडकी, सगळी एकाच उंचीवर टांगा. वरच्या मडक्यावरून होणारी मारामारी तेवढीच कमी.