सिम्युलेशन प्रशिक्षण, बाल आपत्कालीन वैद्यकातील

अत्यवस्थ मुलावर करायच्या उपचारांचा सराव बाहुल्यावर करून घेण्याची शिक्षणपद्धती. रुग्ण खोटा असतो; औषधाची पेटी, ऑक्सिजनचा सिलिंडर, सोबतचे सहकारी आणि भिंतीवरचे घड्याळ मात्र खरे असते. मराठीत यासाठी ‘सदृशीकरण’ असा शब्द आहे, पण वॉर्डात तो ऐकू येत नाही. तिथे ‘सिम्युलेशन’ किंवा नुसते ‘मॉक’ म्हणतात.

मोठ्या माणसाचे हृदय अचानक बंद पडू शकते. मुलांचे बहुधा तसे होत नाही. आधी श्वास अडतो किंवा शरीरातले पाणी आणि रक्तदाब घसरतो, ऑक्सिजन कमी पडतो आणि शेवटी हृदय थांबते. म्हणजे मूल वाचवायची खरी वेळ हृदय थांबण्याआधीची असते, आणि ती ओळखायला सरावलेली नजर लागते. असे प्रसंग एका निवासी डॉक्टरच्या वाट्याला मोजकेच येतात. पहिला प्रसंगच खऱ्या बाळावर निभावावा लागू नये, हे या पद्धतीमागचे कारण.

दुसरे कारण वजनाचे. मुलांचे प्रत्येक औषध किलोवर ठरते. ॲड्रिनॅलिनचेच उदाहरण पाहू. आपल्याकडे मिळणाऱ्या १ मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये १ मिलिग्रॅम औषध असते. हृदय थांबलेल्या मुलाला ते शिरेतून द्यायचे तर त्यात ९ मिली सलाईन घालून १० मिली करायचे आणि त्यातले दर किलोला ०.१ मिली द्यायचे. १० किलोच्या मुलाला १ मिली. पातळ करायचे राहिले आणि १ मिली तसेच गेले, तर डोस दसपट होतो. ही आकडेमोड कागदावर कुणालाही जमते. पण एकीकडे छातीवर दाब चाललेले, दुसरीकडे आई टाहो फोडतेय, अशा वेळी सिरिंज भरणारा हात चुकतो. म्हणून मॉकमध्ये ॲम्प्यूल खरोखर फोडायला लावतात. ‘औषध दिले असे समजा’ म्हणून पुढे जाऊ दिले, तर त्या सरावाला फारसा अर्थ राहत नाही.

या पद्धतीची पाळेमुळे विमानविद्येत आहेत. एडविन लिंक यांनी १९२९ साली वैमानिकांसाठी जमिनीवरचे सराव-विमान बनवले. १९६० मध्ये नॉर्वेतील खेळणी बनवणारे उद्योजक ओस्मुंड लार्डाल यांनी ‘रेससी ॲन’ हा श्वास देण्याच्या सरावाचा पुतळा आणला. १९८०च्या दशकात स्टॅनफर्डला डेव्हिड गाबा यांनी भूलतज्ज्ञांसाठी संकटप्रसंगांचे सराव सुरू केले. त्यात हातातल्या कौशल्याइतकेच महत्त्व आपसातल्या बोलण्याला दिले गेले, आणि आजच्या पद्धतीचा गाभा तोच आहे. भारतात २००९ साली सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे बाहुला आणि दाबून श्वास देण्याची ॲम्ब्यू बॅग गावपातळीवरच्या परिचारिकेच्या हातात आली. २०१९च्या वैद्यकीय अभ्यासक्रमाने कौशल्य प्रयोगशाळेतील शिक्षणाला एमबीबीएसमध्ये स्थान दिले.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. त्याला जोडलेले सर्वोपचार रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’च. जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांबरोबरच धाराशिव आणि कर्नाटकच्या सीमेपलीकडूनही रुग्ण इथे येतात. सरावाचे प्रसंग परदेशी पुस्तकातून जसेच्या तसे उचलले, तर या भागात कामाचे फार थोडे हाती लागते. इथली मुले विंचवाने, सापाने, शेतीच्या औषधाने, उन्हाळ्यातल्या जुलाब-उलट्यांनी अत्यवस्थ होतात. शेंगदाणा सोलापूरच्या घराघरात असतो. रांगत्या बाळाच्या श्वासनलिकेत अडकलेला दाणा हा प्रसंग म्हणूनच इथे शिकवायलाच हवा. वर्षाच्या आतल्या बाळाला पालथे धरून पाठीवर पाच थापा, मग उताणे करून छातीवर पाच दाब, हे क्रमाने हातात बसेपर्यंत.

विंचवाचा प्रसंग थोडा तपशिलाने पाहण्यासारखा आहे, कारण त्यात एक फसवी जागा आहे. समजा, अक्कलकोट तालुक्यातल्या वस्तीवरून चार वर्षांचे, १४ किलोचे मूल आणले आहे. सरपण काढताना हाताला लाल विंचू डसला. मूल घामाने थबथबले आहे, उलट्या होताहेत, नाडी जोरात, हातपाय गार. गार हातपाय दिसले की नवखा डॉक्टर शॉक (रक्ताभिसरण कोसळणे) समजून भराभर सलाईन सोडतो. नातेवाईकही ‘सलाईन लावा’ म्हणूनच मागे लागलेले असतात. पण विंचवाच्या विषाने सुरुवातीला रक्तवाहिन्या आवळलेल्या आणि रक्तदाब चढलेला असतो. हृदयावर ताण आलेला असताना सलाईन ओतले, तर फुप्फुसात पाणी भरते. सूत्रधार प्रशिक्षक इथे मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा हळूहळू उतरवतो आणि बघत राहतो: रक्तदाब मोजायचे कुणाला सुचते?

या विषावर प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिला. डोस दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे या मुलाला ४२०. पेटीत मात्र मोठ्यांच्या रक्तदाबाची, हळूहळू विरघळणारी २.५ किंवा ५ मिलिग्रॅमची गोळीच सापडली तर? ती फोडून मुलाला देता येत नाही. असली अडचण मॉकमध्ये कळली, तर साधी गोळी त्याच आठवड्यात मागवता येते. खऱ्या मुलासमोर कळली तर हाताशी काहीच उरत नाही.

याच कारणासाठी प्रशिक्षण वेगळ्या सभागृहात न घेता कामाच्या जागीच घ्यावे, असे मत आता बळावले आहे. घशात पाहायच्या लॅरिंगोस्कोपची बॅटरी उतरलेली, तान्ह्या बाळाचा मास्क जागेवर नाही, कपाटाची किल्ली दुसऱ्या पाळीच्या सिस्टरकडे: या गोष्टी तिथेच उघड होतात. सोलापुरात आणखी एक गोष्ट उघड होते, ती भाषेची. मुलाची आजी ‘चेळु’ म्हणते, शेजारच्या खाटेवरची बाई ‘तेलु’ म्हणते. दोघी विंचवाबद्दलच सांगत असतात, एक कानडीतून, दुसरी तेलुगूतून. मॉकमध्ये आजीची भूमिका कानडी बोलणाऱ्या मावशींना द्यावी. माहिती कुणाकडून काढायची, हे त्यातून शिकायला मिळते.

प्रसंग दहा मिनिटांत संपतो. त्यानंतरची चर्चा मात्र त्याच्या दुप्पट वेळ चालावी, कारण शिकणे मुख्यतः तिथे होते. ‘कोण चुकलं?’ हा प्रश्न तिथे वर्ज्य असतो. ‘त्या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं?’ असे विचारतात. ‘सर, डोस जास्त वाटतोय,’ हे वाक्य सिस्टरच्या ओठांवर येऊन परत गेले होते का, हे याच बैठकीत कळते. आपल्या रुग्णालयांतली उतरंड पाहता हे एक वाक्य मोकळेपणाने बोलता येणे महागड्या पुतळ्यापेक्षा मोलाचे आहे.

परिणामांचा पुरावा मिळतो, पण तो जपून वाचावा. मिशिगन विद्यापीठाच्या मुलांच्या रुग्णालयातील २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मॉक वाढत गेले तसे हृदय थांबलेल्या मुलांचे वाचण्याचे प्रमाण वाढून सुमारे ५० टक्क्यांवर गेल्याचे दिसले. हा संबंध आहे. मॉकमुळेच सगळे घडले असे त्यावरून ठरत नाही. शिकलेले कौशल्य काही महिन्यांतच पुसट होऊ लागते, हे मात्र अनेकदा दिसून आले आहे. म्हणून वर्षातून एकदा दोन दिवसांचे शिबिर घेण्यापेक्षा दर महिन्याला पंधरा मिनिटे दिलेली बरी.

खर्चाची सबब फारशी टिकत नाही. शीर मिळत नसेल तर नडगीच्या हाडातून औषध देतात. त्याची सुई टोचण्याचा सराव कोंबडीच्या तंगडीवर उत्तम होतो. छातीवर दाब देण्यासाठी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, साधा बाहुला पुरतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिघेच असतील, तर डॉक्टर श्वास सांभाळतो, सिस्टर औषध भरते आणि ‘एक मिली दिलं’ असे मोठ्याने सांगते, आणि रुग्णवाहिकेचा चालक हातात पेन घेऊन प्रत्येक गोष्टीची वेळ लिहून ठेवतो.