टाकीतला काळा गाळ आणि शेजारचा आम्लाचा नळ

गाडी धुण्याच्या केंद्राकडे पाहून तेथे कोणाचा जीव जाऊ शकेल असे सहसा मनात येत नाही. फेस, पाण्याचे फवारे, फिरणारे ब्रश आणि चकचकीत होऊन बाहेर पडणारी गाडी एवढेच आपल्याला दिसते. साबण-पाण्याच्या जागेत पाय घसरण्यापलीकडे धोका तो काय असणार, ही समजूत तेथे दुरुस्तीला किंवा सफाईला बाहेरून येणाऱ्या कंत्राटी कामगारांमध्येही आढळते, आणि म्हणूनच ती महागात पडते. केंद्रात रोज राबणाऱ्या माणसाला कोणत्या नळीतून काय वाहते हे सवयीने ठाऊक असते. एका दिवसापुरत्या आलेल्या कंत्राटदाराला मात्र टाकीचे झाकण दिसते. त्या टाकीत कुठकुठल्या नाल्या उतरतात हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नसतो.

धोके अनेक आहेत. गाडी पुढे ओढणारा पट्टा बटण दाबून थांबवला, तरी त्याच्या न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरमध्ये दाबलेली हवा शिल्लक राहते आणि कोणीतरी दुरून पुन्हा बटण दाबू शकते; म्हणून मुख्य स्विचला काम करणाऱ्या प्रत्येकाचे स्वतःचे कुलूप लागले पाहिजे आणि साठलेला दाब सोडून दिला पाहिजे. उच्चदाबाच्या पाण्याची धार कातडीत शिरली तर बाहेरून टाचणीएवढे छिद्र दिसते, पण आतली इजा शस्त्रक्रियेच्या योग्यतेची असू शकते. चाके उजळवणाऱ्या काही द्रावणांत अमोनियम बायफ्लोराइड किंवा हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते सौम्य प्रमाणात अंगावर पडले तर वेदना कित्येक तासांनी, कधी कधी चोवीस तासांपर्यंत उशिराने सुरू होते, आणि तोवर फ्लोराइड आत शिरून शरीरातले कॅल्शियम बांधू लागलेले असते. अशी द्रावणे जेथे वापरली जातात तेथे कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी असलेच पाहिजे. यांपैकी प्रत्येकावर स्वतंत्र लेख होऊ शकेल. मला मात्र ज्या प्रक्रियेविषयी लिहायचे आहे ती जमिनीखाली घडते, आणि काम सुरू होईपर्यंत तिचा मागमूसही लागत नाही.

गाड्या धुतलेले पाणी जाळीखालच्या गटारातून जमिनीखालच्या टाक्यांत उतरते. पाणी पुन्हा वापरणाऱ्या केंद्रांत अशा दोन-तीन टाक्या एकापुढे एक असतात. पहिलीत माती आणि वाळू तळाशी बसते, पुढच्या टाकीत तेल वर तरंगत राहते आणि त्यानंतरचे पाणी गाळून परत फवाऱ्यांकडे जाते. तळातला गाळ लांब दांड्याच्या फावड्याने वर काढला, तर वरच्या पातळ तपकिरी थराखाली डांबरासारखा काळा, लोण्यासारखा मऊ चिखल लागतो. हा काळेपणा तेलाचा आहे असे बहुतेक जण धरून चालतात. परंतु तोच चिखल काही वेळ हवेत पसरून ठेवला, तर त्याचा पृष्ठभाग हळूहळू तांबूस होत जातो. तेलाचा रंग हवेने असा बदलत नाही. तो काळा रंग मुख्यतः आयर्न सल्फाइडचा, म्हणजे लोखंड आणि गंधक यांच्या संयुगाचा असतो, आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यातल्या लोखंडाचा गंज बनू लागतो.

हे संयुग टाकीत येते कोठून? लोखंड येते प्रामुख्याने ब्रेकच्या धुळीतून, कारण ब्रेक लागताना लोखंडी चकती झिजते आणि तिची बारीक भुकटी चाकांवर बसते. गंधक येते सल्फेटच्या रूपात. ते पाण्यात मुळातच थोडेफार असते आणि लॉरिल इथर सल्फेटसारख्या फेसाळ घटकांचे विघटन झाले की त्यात भर पडते. टाकीच्या तळाशी प्रकाश नसतो, वर तेलाचा तवंग असतो आणि जो काही ऑक्सिजन विरघळलेला असतो तो वरच्या थरातले जिवाणू संपवून टाकतात. अशा जागी डिसल्फोव्हिब्रिओसारखे जिवाणू फोफावतात. आपण श्वसनात अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनच्या स्वाधीन करतो. हे जिवाणू ते सल्फेटच्या स्वाधीन करतात. आपल्या श्वसनातून पाणी तयार होते, त्यांच्या श्वसनातून सल्फाइड. त्यातला काही भाग लोखंडाशी जोडला जाऊन काळा गाळ बनतो आणि उरलेला पाण्यात विरघळून राहतो.

येथपर्यंत कोणालाही इजा झालेली नाही, आणि मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग येथूनच सुरू होतो. विरघळलेले सल्फाइड पाण्यात दोन रूपांत असते. एक रूप विद्युतभारित असते, त्याला हायड्रोसल्फाइड आयन म्हणतात. तो पाण्यातच राहतो; हवेत उडून जाणे त्याला शक्य नसते. दुसरे रूप म्हणजे भाररहित हायड्रोजन सल्फाइडचा रेणू, आणि तो विषारी वायू होऊन पाण्यातून सहज हवेत निसटतो. कोणते रूप किती, हे पाण्याचा पीएच ठरवतो. पीएच ७ च्या आसपास दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात. पाणी साबणाने अल्कधर्मी होऊन पीएच ९ वर गेले, तर वायू होऊ शकणारे रूप शेकडा १ इतकेच उरते. पीएच ५ पर्यंत खाली आला, तर तेच रूप शेकडा ९९ होते. पीएचचा एकेक अंक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, हे शाळेत शिकलेले सूत्र येथे आठवावे. थोडक्यात, साबणाचे पाणी सल्फाइडला धरून ठेवते आणि आम्ल त्याला मोकळे सोडते. आम्ल पुरेसे पडले तर गाळातले घन आयर्न सल्फाइडही विरघळते आणि त्यात बांधलेले गंधकसुद्धा वायू होऊन बाहेर पडते.

आता गाडी धुण्याच्या केंद्रात काय काय वापरले जाते ते पाहा. चाकांचे द्रावण अनेकदा तीव्र आम्लधर्मी असते. ब्रश न लावता होणाऱ्या धुलाईत आधी आम्लधर्मी आणि मग अल्कधर्मी द्रावण फवारण्याची एक प्रचलित पद्धत आहे. पाण्याच्या क्षारांची पुटे काढायलाही आम्लच लागते. रोजच्या व्यवहारात ही द्रावणे भरपूर पाण्यात मिसळून टाकीत पोहोचतात आणि एकमेकांना बऱ्याच अंशी उदासीन करतात. सफाईच्या दिवशी मात्र परिस्थिती बदलते. आदल्या दिवशी पंप बंद केलेले असतात, टाकीत हवा सोडणारी यंत्रणा थांबलेली असते, वरचे पाणी उपसलेले असते आणि गाळ उघडा पडलेला असतो. अशा वेळी शेजारच्या मार्गिकेत कोणी चाकांच्या द्रावणाचा नळ उघडला किंवा फरशीवरची पुटे काढायला बादलीभर आम्ल ओतले, तर ते गटारातून थेट त्या काळ्या गाळावर येते.

किती वायू निघेल याचा हिशेब कागदावर मांडता येतो. गंधकाचा अणुभार ३२ आहे, म्हणजे ३२ ग्रॅम गंधकाचा एक मोल (अणू-रेणूंच्या संख्येचे ठरावीक माप) होतो, आणि खोलीच्या तापमानाला कोणत्याही वायूच्या एका मोलला साधारण २४ लिटर जागा लागते. म्हणजे सल्फाइडच्या रूपातल्या १ ग्रॅम गंधकातून सुमारे पाऊण लिटर हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो एक घनमीटर हवेत, म्हणजे हजार लिटरांत मिसळला, तर प्रमाण दहा लाखांत साधारण ७५० भाग, म्हणजे ७५० पीपीएम होते. या प्रमाणात माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो. त्यासाठी पुरलेले गंधक चिमूटभरच आहे, आणि टाकीतला गाळ फावड्यांनी मोजायचा असतो. शिवाय हा वायू हवेपेक्षा सुमारे १.२ पट जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी, नेमका वाकून काम करणाऱ्याच्या तोंडाजवळ रेंगाळतो. आम्ल आले नाही तरी धोका टळत नाही, कारण गाळ ढवळल्याने त्यात अडकलेले बुडबुडे एकदम सुटतात. सकाळी झाकण उघडून केलेली तपासणी निर्दोष निघाली तरी तेवढ्यावर विसंबता येत नाही, याचे कारण हे आहे. तपासणीच्या वेळी वायू खरोखरच नसतो. तो सफाईच्या कामातून तयार होतो.

शरीरात गेल्यावर हायड्रोजन सल्फाइड पेशींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराला अडवतो. सायनाइडही तेथेच घाव घालते. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही, आणि मेंदूतली श्वसनाची केंद्रे लवकर निकामी होतात. त्याहून फसवी गोष्ट नाकाची आहे. सडक्या अंड्यांचा हा वास हवेच्या दहा कोटी भागांत एक भाग वायू असला तरी जाणवतो. परंतु प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेले की काही मिनिटांत नाकाची जाणीवच बधिर होते. मघाशी येणारा वास आता येत नाही, म्हणजे हवा शुद्ध झाली, असा निष्कर्ष कामगार काढतो तो याच टप्प्यावर. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली शौचकूप साफ करणाऱ्यांच्या डोळ्यांची जळजळ आणि त्यांच्या खिशातली काळी पडणारी नाणी यांची नोंद केली होती. वायूची ओळख पटण्याच्या कितीतरी आधी त्यांनी टिपलेली ती त्याचीच खूण आहे.

एकामागोमाग एक माणसे उतरून मरतात तेव्हा त्या जागेलाच दोष असल्याच्या किंवा ती बळी घेत असल्याच्या गोष्टी पसरतात. या गोष्टींचा मला मनापासून राग येतो, कारण त्या ऐकून नारळ फोडला जातो आणि गॅस डिटेक्टर आणला जात नाही. पहिला माणूस कोसळतो तो वायूने. दुसरा उतरतो तो त्याला वाचवायला आणि त्याच हवेत श्वास घेतो. मेणबत्ती किंवा कंदील टाकीत सोडून पाहण्याची युक्ती तितकीच घातक आहे. ज्योत विझली तर ऑक्सिजन बराच कमी झाला आहे एवढे कळते. हायड्रोजन सल्फाइड तर स्वतःच ज्वालाग्राही आहे आणि सुमारे ४३,००० पीपीएमच्या पुढे हवेसह पेट घेतो. माणसाला मारायला ७०० पीपीएम पुरतात, आणि तेवढ्या वायूत ज्योत नेहमीसारखी जळत राहते. ओला रुमाल आणि धुळीचा मास्क या वायूला अडवत नाहीत. टाकीत टाकली की गाळ ‘खाऊन टाकते’ अशी जाहिरात होणारी पूडही आत उतरण्याचा परवाना ठरत नाही. टाकीत सतत हवा सोडल्याने सल्फाइड खरोखर कमी होते, पण आत काय आहे हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

कंत्राटदाराकडून काय अपेक्षा ठेवायची, आणि त्याने जागेच्या मालकाकडून काय मागायचे, हे या रसायनशास्त्रातूनच ठरते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या करार क्रमांक १५५ मधील सतराव्या कलमानुसार एकाच जागी एकाच वेळी दोन किंवा अधिक आस्थापनांचे काम चालू असेल, तर सुरक्षिततेसाठी त्यांनी परस्परांशी सहकार्य केले पाहिजे. गाडी धुण्याच्या केंद्रात या सहकार्याचा अर्थ अगदी ठोस आहे. टाकीत उतरणाऱ्या सर्व नाल्यांचा नकाशा आणि वापरातल्या सर्व द्रावणांची सुरक्षा माहितीपत्रके मालकाने काम सुरू होण्याआधी द्यायची असतात. कंत्राटदाराने त्याच्या बाजूने कोणती रसायने आणि कोणती यंत्रे आणली आहेत हे सांगायचे असते, आणि पुटे काढायचे आम्ल त्याच्याच सामानात असेल तर ते विशेषकरून सांगायचे असते.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे आत कोणी उतरूच नये आणि गाळ बाहेर उभ्या केलेल्या सक्शन टँकरने ओढून घ्यावा. त्यातही एक बारकावा आहे. टँकरचा पंप टाकीतली हवा ओढतो आणि आपल्या धुराड्यातून बाहेर सोडतो, त्यामुळे विषारी वायू तेथे उभ्या असलेल्या चालकाच्या अंगावर येऊ शकतो. ते तोंड उंच आणि वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला, माणसांपासून दूर असायला हवे. उतरणे अटळच असेल तर आधी ऑक्सिजन, मग ज्वालाग्राही वायू आणि मग विषारी वायू या क्रमाने मोजणी करतात, कारण ज्वालाग्राही वायू मोजणाऱ्या नेहमीच्या संवेदकाला नीट काम करायला पुरेसा ऑक्सिजन लागतो. मोजणी नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी करायची असते. डिटेक्टर त्यानंतरही उतरलेल्या माणसाच्या छातीवर चालू राहतो, ताजी हवा आत सोडणारा ब्लोअर थांबत नाही, आणि अंगावर बांधलेल्या हार्नेसची दोरी तिपाईवरून बाहेरच्या माणसाच्या हाती असते. त्या बाहेरच्या माणसाचे काम दोरी ओढणे आणि मदत बोलावणे एवढेच आहे. त्याने स्वतः आत उतरायचे नसते.

कामाच्या परवान्यावर पट्ट्याच्या मुख्य स्विचला लावलेल्या कुलपाची नोंद बहुतेक ठिकाणी असते, पण आम्लाच्या डोसिंग पंपाला, म्हणजे ते मोजून सोडणाऱ्या पंपाला लावलेल्या कुलपाची नोंद क्वचितच दिसते. टाकीत माणूस असेपर्यंत त्या पंपाची किल्ली टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात असायला हवी, आणि टाकीकडे उतार असलेल्या सर्व मार्गिका बंद असायला हव्यात. आत गेलेली सर्व माणसे वर आली, मोजली गेली आणि झाकण बसले, की मगच ती किल्ली परत द्यायची.