डायव्हरांची बिरुदं कुठून आली

रेक्रिएशनल, टेक्निकल, केव्ह, सायंटिफिक, कमर्शियल, साइडमाउंट (सिलिंडर कुशीला बांधणारा), रीब्रीदरवाला (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा घेणारं यंत्र वापरणारा). पाण्याखाली जाणाऱ्या माणसाला आज यांतलं एखादं तरी बिरुद चिकटतंच, आणि बरेच जण ते मिरवतातही. ही नावं ऐकली की वाटतं, पाण्याखाली सात वेगवेगळ्या जाती नांदतात. प्रत्यक्षात यांतली बरीचशी नावं पाण्यात जन्मलेलीच नाहीत. कोणी कायद्याच्या कलमातून आलं, कोणी शिकवणीच्या धंद्यातून, तर कोणी मृत्यूंच्या नोंदी चाळताना.

सुरुवातीला प्रश्न सोपा होता. १९३०च्या दशकात व्यावसायिक पाणबुडे तांब्या-पितळेचं शिरस्त्राण आणि जड पोशाख घालून, वरून आलेल्या नळीतल्या हवेवर काम करत. कॅलिफोर्निया आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर काही हौशी मंडळी मात्र नुसता चष्मा लावून, श्वास रोखून मासे मारायला बुडी घेऊ लागली. ती झाली 'स्किन डायव्हर'. म्हणजे बिरुद ठरलं ते अंगावर काय नाही यावरून. १९३३मध्ये सान दिएगोत 'बॉटम स्क्रॅचर्स' नावाचा क्लब निघाला. त्यात शिरायचं तर खोलवरचे शिंपले खरवडून आणायचे, शार्कची शेपटी धरायची, अशा परीक्षा होत्या. प्रमाणपत्राचं कार्ड नव्हतं, पुरावा हातात असायचा.

१९४३मध्ये नौदल अधिकारी झाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी फ्रान्समध्ये अ‍ॅक्वालंग सिद्ध केला. मागणीनुसार हवा देणारा रेग्युलेटर पाठीवरच्या सिलिंडरला जोडला गेला आणि नळीची गरज संपली. गंमत अशी की सिलिंडरवाल्यांनाही पुढे कित्येक वर्षं 'स्किन डायव्हर'च म्हणत. १९५१मध्ये निघालेल्या मासिकाचं नावही तेच होतं. 'स्कूबा' (पाण्याखाली श्वास घेण्याचं स्वयंपूर्ण उपकरण) हे आद्याक्षरी नाव रुळलं ते १९५२नंतर. त्याचं श्रेय ज्यांना देतात ते ख्रिश्चन लॅम्बर्टसन डॉक्टर होते आणि त्यांचं उपकरण युद्धकाळात अमेरिकी गुप्तचर संघटनेच्या जलसैनिकांसाठी बनलेलं रीब्रीदर होतं. बुडबुडे न सोडणाऱ्या यंत्राच्या शोधकाने दिलेलं नाव आज बुडबुडे सोडणाऱ्यांना चिकटून बसलं आहे.

मग शिकवणारे आले. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत कॉनराड लिंबॉ संशोधकांना प्रशिक्षण देत होते. लॉस एंजेलिस काउंटीने आपली माणसं त्यांच्याकडे पाठवली आणि १९५४-५५च्या सुमारास सामान्य नागरिकांसाठी प्रमाणपत्राचा कार्यक्रम उभा केला. ब्रिटनमध्ये १९५३मध्ये ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब स्थापन झाला. त्यात थर्ड क्लास, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास अशा पायऱ्या होत्या. आपल्या कार्डावर 'थर्ड क्लास' छापलेलं कोणाला आवडणार? आज त्याच क्लबमध्ये 'ओशन डायव्हर', 'स्पोर्ट्स डायव्हर', 'डाइव्ह लीडर' असे दर्जे आहेत. अमेरिकेत १९६०मध्ये नाऊई आणि १९६६मध्ये पाडी या प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. अभ्यासक्रमाचे छोटे-छोटे तुकडे करून ते विकण्याची पद्धत पुढे जगभर पसरली.

या पद्धतीने माणसं झपाट्याने पाण्यात उतरली, हे मान्यच करायला हवं. पण बिरुदांचा भाव तिथेच उतरला. पाडीच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर' कोर्सला पाच डाइव्ह लागतात आणि तो पहिल्या कोर्सला लागूनच करता येतो. म्हणजे जेमतेम दहा-पंधरा डाइव्ह झालेला माणूस 'अ‍ॅडव्हान्स्ड' ठरतो. 'मास्टर स्कूबा डायव्हर'साठी रेस्क्यूचं कार्ड, पाच स्पेशालिटी आणि पन्नास डाइव्ह पुरतात. माझ्या मते पन्नास डाइव्हनंतर माणसाला आपल्याला काय येत नाही याचा अंदाज यायला लागतो, 'मास्टर' हा शब्द तिथे फार लवकर येतो.

यापेक्षा ठाम रेघ ओढली ती सरकारने. मेक्सिकोच्या आखातात तेलकंपन्यांसाठी काम करणाऱ्या पाणबुड्यांच्या सुरक्षेवरून कामगार संघटनेने मागणी लावून धरली आणि १९७७मध्ये अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा खात्याने व्यावसायिक डायव्हिंगचे नियम काढले. ठरावीक डाइव्हसाठी जागेवर डीकॉम्प्रेशन चेंबर (वर आलेल्या डायव्हरवरचा दाब हळूहळू उतरवणारी बंद खोली) हवं, वगैरे. हे नियम जसेच्या तसे लावले असते तर प्रत्येक प्रशिक्षकाला होडीवर चेंबर न्यावं लागलं असतं. म्हणून साध्या हवेवर, वर येताना डीकॉम्प्रेशनसाठी थांबावं लागणार नाही इतक्या मर्यादेत शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना वगळलं. संशोधकांना वेगळी सूट मिळाली ती १९८२मध्ये. सायंटिफिक डायव्हर निरीक्षण करतो, माहिती गोळा करतो. बांधकाम करत नाही. तोच माणूस, तेच सिलिंडर, तीच खोली. पण हातात नोंदीची पाटी आहे की पाइप जोडायचा पाना, यावर कायद्याच्या लेखी त्याची जात ठरते.

गुहांची गोष्ट निराळी. ब्रिटनमध्ये १९३५ साली वूकी होलमध्ये बुडी घेणारे मुळात गुहावाले होते. पाण्याने अडलेल्या बोगद्यापलीकडे जायचं, एवढ्यासाठीच त्यांना डायव्हिंग हवं होतं. १९४६मध्ये त्यांचा केव्ह डायव्हिंग ग्रुप झाला. फ्लोरिडात उलट झालं. तिथे समुद्रात शिकलेले डायव्हर स्वच्छ झऱ्यांच्या तोंडातून सरळ आत शिरत आणि मरत. गुहांत डायव्हिंग करणारे शेक एक्सली यांनी त्या अपघातांचा अभ्यास करून नियम मांडले: मोकळ्या पाण्यापर्यंत अखंड दोरी, हवेचा एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना, उरलेला राखीव. 'कॅव्हर्न' आणि 'केव्ह' हा भेदही असाच व्यवहारी आहे. बाहेरचा उजेड दिसतो तोवर कॅव्हर्न, पुढे केव्ह. तिथल्या गुहांच्या तोंडाशी यमदूताचं चित्र असलेली पाटी असते. तिच्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की अशा गुहांत प्रशिक्षकसुद्धा मेले आहेत. 'इन्स्ट्रक्टर' या बिरुदाला त्या पाटीपुढे किंमत नाही.

'टेक्निकल डायव्हिंग' हे नाव मात्र एका संपादकाने रुजवलं. १९९०मध्ये अ‍ॅक्वाकोअर नावाचं मासिक सुरू करणाऱ्या मायकल मेंडुनो यांनी ते गिर्यारोहणातून उचललं. खोल जाणारे, हेलियमचं मिश्रण वापरणारे, वर येताना टप्प्याटप्प्याने थांबणारे लोक आधीपासून होतेच. त्यांना एक सभ्य छत्र मिळालं आणि 'बेजबाबदार' हा शिक्का काहीसा पुसला गेला.

नायट्रॉक्सवरून, म्हणजे जादा ऑक्सिजन मिसळलेल्या हवेवरून, तर भांडणच पेटलं. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या नोआ या सागर व हवामान संस्थेने ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण संशोधकांसाठी प्रमाणित केलं होतं. १९८५पासून नोआत काम केलेले डिक रुटकोव्स्की ते हौशी डायव्हरांना शिकवू लागले, तेव्हा प्रस्थापितांनी त्याला सैतानी वायू ठरवलं. डायव्हिंग उद्योगाच्या १९९२च्या व्यापारी प्रदर्शनातून नायट्रॉक्सवाल्यांना बाहेर ठेवण्याचा घाटही घातला गेला. काही वर्षांतच तोच वायू साध्या सुट्टीतल्या कोर्समध्ये आला. अट एवढीच, की सिलिंडर घेण्याआधी डायव्हरने ऑक्सिजनची मोजणी स्वतः करायची, सिलिंडरवरच्या पट्टीवर टक्केवारी आणि कमाल खोली लिहायची आणि सही करायची. ३२ टक्क्यांना साधारण ३३ मीटर.

नव्वदच्याच दशकात फ्लोरिडाच्या गुहांतून 'डूइंग इट राइट' हा पंथ निघाला. सगळ्या गटाची उपकरणं एकसारखी, लांब नळीचा रेग्युलेटर तोंडात, सुटं काही लोंबायचं नाही. विचार चांगला होता, भाषा जहाल. पंथाबाहेरच्याला 'स्ट्रोक' ही शिवी मिळे. या पंथातलं शहाणपण आज कित्येक साध्या कोर्समध्ये मुरलं आहे, शिवी मागे पडली.

आता आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने हौशी डायव्हरांचे तीन स्तर ठरवले आहेत: देखरेखीखालचा, स्वतंत्र आणि नेतृत्व करणारा. पाण्याकाठी ही नावं कोणाच्या तोंडी नाहीत. होडीवर घेताना कार्ड बघतात, पण त्याचबरोबर लॉगबुकही मागतात आणि विचारतात, शेवटचा डाइव्ह कधी केलात.